पिशवीत सहा डिस्क

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या डीव्हीडी प्लेअरने मान टाकली. गाण्यांची सीडी टाकली की नीट वाजायची, सीडीवर चित्रपट असलेली व्हीसीडीसुद्धा चालायची. पण डीव्हीडी आत गेली की जरा वेळ घरघर व्हायची आणि पडद्यावर ‘नो डिस्क’ उमटायचं. पुण्याच्या तपकीर गल्लीत एका माळ्यावर बसणाऱ्या दुरुस्तीवाल्या काकांकडे नेला. झाकण उघडायच्या आधीच ते म्हणाले, “ताई, लेन्स गेली. सीडीचा लेझर वेगळा, डीव्हीडीचा वेगळा. तुमचा डीव्हीडीचा गेलाय.” सीडी आणि व्हीसीडीला ७८० नॅनोमीटरचा अवरक्त किरण लागतो, डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल. एकाच डोळ्यात दोन्ही बसवलेले असतात आणि त्यातला एक आधी थकतो. ते युनिट काकांनी यापूर्वी दोनदा बदललं होतं. तिसऱ्यांदा बदलून देतो म्हणाले, पण आता जे सुटे भाग मिळतात त्यांची खात्री द्यायला तयार नव्हते.

दुसरा कोणी असता तर प्लेअर भंगारात देऊन मोकळा झाला असता. “आता सगळं मोबाइलवर मिळतं की,” असं मला त्या महिन्यात निदान दहाजणांनी सांगितलं. पण आमच्याकडे बाबा आहेत. वय ८१. दिवसा बँकेत नोकरी आणि संध्याकाळी भरत नाट्य मंदिरात हौशी नाटकांची प्रकाशयोजना, असं त्यांनी तीस वर्षं केलं. सदाशिव पेठेतलं घर सोडून ते आमच्याकडे सहकारनगरला आले तेव्हा कपड्यांची एक बॅग होती आणि डिस्कची चार खोकी. आजोबांनी प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आलेली पाहिली होती. ते चित्रपटाचं वेड बाबांकडे उतरलं. आता कानाला यंत्र आहे. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरमधून येणारे संवाद त्यांना कळत नाहीत, नुसता आवाज कळतो. धाकट्या भावाने जर्मनीला जाण्याआधी २००७ मध्ये पाच स्पीकर आणि खर्जाच्या सबवूफरचा होम थिएटर संच घेतला होता. त्यातला मधला स्पीकर टीव्हीच्या खाली, बरोबर बाबांच्या खुर्चीकडे तोंड करून ठेवलाय. तो बोलला की बाबांना शब्द न् शब्द कळतो. म्हणून प्लेअर हवाच होता.

आधी एका रात्री आम्ही दोघांनी खोकी उपसली. ११४ व्हीसीडी, ६७ डीव्हीडी, चाळीसेक गाण्यांच्या सीडी, भावाने जर्मनीहून आणलेल्या ९ ब्लू-रे आणि घरी बर्न केलेल्या ५ डीव्हीडी. त्या पाचांपैकी एकीवर बाबांच्या संस्थेच्या एका नाटकाचा प्रयोग आहे, २००५ चा, कोणीतरी मागच्या रांगेतून हॅंडिकॅमवर टिपलेला. त्याची दुसरी प्रत जगात नाही.

ही मोजदाद मी आधी केली, पण तिचा अर्थ मला उशिरा कळला, आणि त्यात माझे तीन आठवडे गेले. एवढ्या व्हीसीडी समोर मांडलेल्या असताना मी एक नवाकोरा, चांगल्या नावाचा ब्लू-रे प्लेअर घरबसल्या मागवला. ब्लू-रे चालते म्हणजे खालचं सगळं चालणारच, असं मी धरून चालले होते. तसं नसतं. ब्लू-रे प्लेअरने व्हीसीडी वाचलीच पाहिजे असा काही नियम नाही आणि अनेक प्लेअर ती वाचत नाहीत. माहितीपुस्तकात कोणकोणत्या डिस्क चालतात त्याची यादी असते. तिच्यात व्हीसीडी नव्हतीच. बाबांनी एकामागून एक तीन व्हीसीडी घालून पाहिल्या, प्रत्येक वेळी ट्रे बाहेर आला. ते काही बोलले नाहीत, डिस्क पुसून परत पाकिटात ठेवत राहिले. दुसऱ्या दिवशी मी प्लेअर परत पाठवला.

त्याच दोन दिवसांत दुसरी अडचणही कळली. आमच्या संचाच्या रिसिव्हरला, म्हणजे प्लेअरचा आवाज घेऊन स्पीकरना वाटून देणाऱ्या खोक्याला, एचडीएमआय नाही; चित्र आणि आवाज एकाच वायरीतून नेणारी ती जोडणी. त्याच्या पाठीला नुसत्या आवाजाच्या जोडण्या: ऑप्टिकलचं एक भोक, कोअ‍ॅक्सिअलची दोन आणि सहा वेगळ्या वायरींसाठी सहा खोबण्यांची एक रांग आहे. नव्या प्लेअरला फक्त एचडीएमआय होतं. म्हणून मी प्लेअर टीव्हीला जोडला आणि टीव्हीतून ऑप्टिकल वायर रिसिव्हरला आणली. आवाज आला, पण रिसिव्हरवर दोनच चॅनेलचा दिवा. बरेच टीव्ही असंच करतात: एचडीएमआयने आत आलेला ५.१ चा, म्हणजे पाच स्पीकर आणि एका सबवूफरचा, आवाज ऑप्टिकलने बाहेर सोडताना त्याचा दोन चॅनेलचा स्टिरिओ करून टाकतात. मधला स्पीकर गप्प. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तोच गप्प.

त्यानंतर मी रीतसर विचार करायला लागले. पहिला प्रश्न फोर-केचा, म्हणजे साध्या ब्लू-रेच्या चौपट ठिपक्यांच्या चित्राचा. टीव्ही आमचा ४३ इंची फोर-के आहे, त्यामुळे शोरूममध्ये प्रत्येकजण अल्ट्रा एचडी, म्हणजे फोर-के डिस्क वाजवणारा, प्लेअरच सुचवत होता, आणि किंमत तीस हजारांच्या आसपास सांगत होता. मी वहीत हिशोब मांडला. ४३ इंची पडदा साधारण ९५ सेंटिमीटर रुंद असतो. साध्या ब्लू-रेच्या चित्रात आडवे १९२० ठिपके, म्हणजे एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. चांगल्या नजरेला एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं अंतर वेगळं ओळखता येतं असं धरतात. बाबांच्या खुर्चीपासून, तीन मीटरवरून, ते सुमारे ०.८७ मिलिमीटर भरतं. म्हणजे साध्या ब्लू-रेचेच ठिपके आमच्या दिवाणखान्यातून सुटे दिसणार नाहीत, तर त्यांचे आणखी चार तुकडे करून काय दिसणार? फोर-के डिस्कवर एचडीआर असतं, उजेड आणि अंधाराचा पल्ला मोठा असतो, तो फरक खरा आहे आणि तो लांबूनही दिसतो. पण आमच्याकडे फोर-के डिस्क एकही नाही, आणि टीव्ही स्वस्तातला असल्यामुळे तेवढा उजेड पाडू शकत नाही. तो प्रश्न मी तिथेच मिटवला.

गेम खेळायच्या यंत्राचा सल्ला भाच्याने दिला. प्लेस्टेशन ४ आणि ५ गाण्यांची सीडी वाजवत नाहीत, हे कळल्यावर तोही विचार सोडला.

मग मी एक कापडी पिशवी भरली. आतल्या सहा डिस्क मुद्दाम निवडल्या होत्या आणि त्या सगळ्या अवघड होत्या. चरे पडलेली एका जुन्या मराठी चित्रपटाची व्हीसीडी, तीही दुसरा भाग. २००५ च्या नाटकाची बर्न केलेली डीव्हीडी. एक हिंदी डीव्हीडी, जिच्यात कॅमेरा एका लांबच लांब कुंपणावरून सरकत जातो. एक दुहेरी थराची, ८.५ जीबीची डीव्हीडी, जी पहिला थर संपून दुसरा सुरू होताना जुन्या प्लेअरवर अडकायची. भावाची एक जर्मन डीव्हीडी. आणि संगीताच्या मैफलीची एक ब्लू-रे. ज्याला प्लेअर घ्यायचाय त्याला मी हेच सांगेन: दुकानदाराची चकचकीत डेमो डिस्क बघू नका, आपल्या घरातली सगळ्यात त्रासदायक डिस्क घेऊन जा.

लक्ष्मी रस्त्यावरच्या दोन दुकानांत साउंडबारच होते. रविवारी सकाळी जुन्या बाजारात गेले. तिथे ताडपत्रीवर प्लेअरचे ढीग होते, तीनशे-चारशे रुपयांना एक, पण लावून बघायची सोय नव्हती आणि रिमोट एकालाही नव्हता. रिमोट नसलेला प्लेअर फुकट मिळाला तरी घेऊ नये. आतली सगळी सेटिंग रिमोटवरूनच उघडतात. पुढच्या पट्टीवर मोजकीच बटणं असतात.

तपकीर गल्लीत मात्र एका दुकानदाराने मनापासून वेळ दिला. एचडीएमआय असलेला साधा डीव्हीडी प्लेअर, किंमत २,३०० रुपये, मागे कोअ‍ॅक्सिअलही होतं. व्हीसीडी चालली, चरे पडलेलीसुद्धा. नाटकाची डीव्हीडी चालली. मग कुंपणाची लावली. कॅमेरा सरकायला लागला आणि कुंपणाच्या प्रत्येक खांबाच्या कडेला कंगव्याचे दात दिसायला लागले.

याचं कारण जरा समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडच्या पुष्कळशा डीव्हीडींवर चित्र अख्खं नसतं, अर्धं-अर्धं असतं: एकदा सम ओळी, एकदा विषम. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीला तेच हवं असायचं. आजच्या सपाट टीव्हीला अख्खं चित्र लागतं, त्यामुळे कोणीतरी ती दोन अर्धी जोडावी लागतात. मधल्या क्षणात वस्तू सरकलेली असेल तर कडा जुळत नाहीत आणि दात दिसतात. चांगला प्लेअर हलणारा भाग ओळखून तेवढाच वेगळा हाताळतो, स्वस्तातला सरसकट चिकटवून टाकतो. ‘१०८० पी अपस्केलिंग’, म्हणजे चित्र १०८० ओळींचं करून दाखवतो, असं खोक्यावर दोघांच्याही लिहिलेलं असतं. त्या शब्दांना फार अर्थ नाही, कारण डीव्हीडीत आडव्या ओळीच ५७६ किंवा ४८०; नवा तपशील कुठून येणार? खरी परीक्षा जोडणीची, आणि ती सरकत्या कुंपणावर होते.

“ताई, एवढं कोण बघतंय?” दुकानदार म्हणाले. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. फक्त व्हीसीडी आणि गाणी असती तर मी तोच प्लेअर उचलला असता. त्या किमतीला तो चांगलाच होता. पण बाबा बघतात.

शेवटी मिळाला तो वापरलेला. ओळखीतून कळलं की औंधचे एक गृहस्थ घर आवरतायत. त्यांचा २०११ चा ब्लू-रे प्लेअर होता, त्या काळात महागाचा, चांगला जड. वापरलेलं यंत्र घ्यायला मी आधी बिचकत होते. पण या धंद्याची स्थिती अशी आहे की चांगले प्लेअर बनवणारेच कमी होत गेलेत. ओप्पोने २०१८ मध्ये नवे प्लेअर काढणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, २०१९ मध्ये सॅमसंगनेही अमेरिकेच्या बाजारासाठी नवे ब्लू-रे प्लेअर आणणार नाही असं सांगितलं. जुन्या भारी प्लेअरमध्ये जे असायचं ते नव्या मध्यम किमतीच्या प्लेअरमध्ये बहुधा नसतं. या प्लेअरच्या पाठीला कोअ‍ॅक्सिअल, ऑप्टिकल, एचडीएमआय, आणि शिवाय ५.१ च्या सहा वेगळ्या खोबण्या होत्या. आमच्या रिसिव्हरवरच्या रांगेला जोड सापडली होती.

त्या सहा खोबण्यांची किंमत कळायला थोडं मागे जावं लागेल. ऑप्टिकल आणि कोअ‍ॅक्सिअल वायरीतून डॉल्बी डिजिटल आणि साधा डीटीएस या पद्धतींनी दाबलेला आवाज जातो, म्हणजे डीव्हीडीवरचा ५.१ चा आवाज पूर्ण येतो. पण ब्लू-रेवर बहुतेक वेळा काहीही न गाळलेला, डॉल्बी ट्रू-एचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ असतो. तो त्या वायरीत मावत नाही. एकतर एचडीएमआयवाला रिसिव्हर हवा, नाहीतर प्लेअरनेच तो आवाज उलगडून सहा तारांनी बाहेर द्यायला हवा. हा प्लेअर ते करत होता. नवा रिसिव्हर घ्यायचा खर्च टळला.

औंधला मी बाबांना घेऊन गेले. पिशवीतल्या सहाही डिस्क एकेक करून लावल्या. त्या काकूंनी चहा केला, काकांनी माहितीपुस्तक काढून ठेवलं होतं, मूळ रिमोटही होता. व्हीसीडी चालली. बर्न केलेली चालली. कुंपणाचे खांब सरळ आले. दुहेरी थराची डीव्हीडी मधल्या जागी किंचित थबकली आणि पुढे गेली, तेवढं चालतं. जर्मन डीव्हीडीसुद्धा लागली, कारण डिस्कवर प्रदेशाचं, म्हणजे रीजनचं, कुलूप असू शकतं आणि डीव्हीडीपुरता तो सगळ्या रीजनचा होता. डीव्हीडीच्या नकाशात भारत रीजन ५ आणि जर्मनी २. ब्लू-रेचे रीजन वेगळे: आपण सी, युरोप बी. पिशवीतली ब्लू-रे चालली. नंतर घरी पाहिलं तर नऊपैकी दोन कुलूपबंद निघाल्या. त्या भावाला परत देईन.

आणखी एक गोष्ट मी तिथेच, त्यांच्या समोर बसून फोनवर तपासली: कंपनीच्या संकेतस्थळावर या मॉडेलचं शेवटचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, अजून उतरवता येतं का. ब्लू-रेचं संरक्षण बदलत राहतं. प्लेअर अद्ययावत नसेल तर नंतर निघालेली डिस्क लागेलच असं नाही. फर्मवेअर मिळत होतं. घरी आल्यावर पेन ड्राइव्हवरून टाकलं. सात हजार मागितले होते, साडेपाचला ठरलं. लेन्स साफ करायला तपकीर गल्लीतल्या काकांना तीनशे दिले, आणि तीन जोड वायरींचे साडेचारशे झाले.

पहिल्या रात्री मैफलीची ब्लू-रे लावली आणि सबवूफर मेल्यासारखा वाटला. सहा तारांच्या मार्गाने आलेल्या आवाजावर आमचा रिसिव्हर काहीच संस्कार करत नाही, तो जसा येतो तसा पुढे ढकलतो. कोणता स्पीकर लहान, कोणता किती लांब, खर्ज कुठे पाठवायचा, हे सगळं प्लेअरच्या आतच सांगावं लागतं. मोजपट्टी घेऊन खुर्चीपासून प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजलं, पाचही ‘स्मॉल’ केले, सबवूफरची पातळी वाढवली. मधला स्पीकर तीन डेसिबलने वर नेला, बाबांसाठी. खर्ज भरून आला.

जुन्या मराठी चित्रपटांना मात्र ही वाट उपयोगाची नाही. त्यांचा आवाज एकेरी, मोनो. सहा तारांनी पाठवला की तो डाव्या-उजव्या स्पीकरमधून येतो आणि मधला परत गप्प. तोच आवाज कोअ‍ॅक्सिअलने रिसिव्हरला दिला आणि तिथे प्रो लॉजिक हे सेटिंग लावलं की दोन्हीकडे सारखा असलेला आवाज रिसिव्हर मधल्या स्पीकरकडे वळवतो. म्हणून दोन्ही जोडण्या ठेवल्यात. रिमोटवरच्या दोन बटणांवर पट्ट्या चिकटवल्या: एकीवर ‘जुने’, एकीवर ‘ब्लू-रे’. बाबांना ते एका दिवसात जमलं. चौकोनी चित्र पडद्याभर ताणू नये म्हणून प्लेअरमध्ये ४:३ चं सेटिंग बदलून दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू दिल्या. जुने चेहरे रुंद झालेले बाबांना बघवत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मलाही.

सगळं झालं असं वाटलं तेव्हा नाटकाची डीव्हीडी लावली. दुसऱ्या अंकात रात्रीचा प्रवेश आहे. बाबा पुढे वाकून बसले. “इथे मागच्या भिंतीवर निळा होता,” म्हणाले. मला तिथे निव्वळ काळं दिसत होतं. मी म्हटलं, “बाबा, जुनं शूटिंग आहे, हॅंडिकॅमचं.” “नाही,” ते म्हणाले, “जुन्या प्लेअरवर दिसायचा.”

ते बरोबर होते. प्लेअरमध्ये एचडीएमआयचा रंगाचा पल्ला ‘फुल’वर होता आणि टीव्हीत ‘लिमिटेड’वर. प्लेअर शून्य या आकड्याला काळं म्हणत होता, टीव्ही सोळाला. त्यामुळे शून्य ते सोळामधल्या सगळ्या सावल्या टीव्ही सरसकट काळ्या करत होता. उजेडातल्या प्रवेशात हे कुणाच्या लक्षात येत नाही. ज्याने तो अंधार स्वतः डिमरवर रचलाय त्याच्या लक्षात येतं. प्लेअर ‘वायसीबीसीआर’ या रंग पाठवायच्या दुसऱ्या पद्धतीवर नेला, दोघांचा पल्ला जुळला, आणि तोच प्रवेश पुन्हा लावला. भिंत हळूहळू निळी झाली, खिडकीची चौकट दिसली, दाराशी उभ्या असलेल्या बाईच्या पदराची कडसुद्धा.

त्या डिस्कच्या मी दुसऱ्या दिवशी दोन प्रती काढल्या, एक भावाला पाठवली. मूळ डिस्क आता कपाटात, अंधारात, उभी ठेवलीय. बर्न केलेल्या डिस्कवर रंगद्रव्याचा थर असतो, उजेडाने आणि उष्णतेने तो उतरत जातो. इतकी वर्षं ती खिडकीजवळच्या खोक्यात होती, हे आठवलं की पोटात गोळा येतो.

रविवारी संध्याकाळी संस्थेतले त्यांचे दोन जुने सहकारी आले होते. पुन्हा तेच नाटक लावलं. दुसरा अंक, रात्रीचा प्रवेश. भिंत निळी, पण उजवीकडचा कोपरा मात्र काळाच. मी रिमोट उचलला आणि सेटिंग उघडायला लागले. 

“राहू दे गं, सेटिंगचं नाहीये ते,” बाबा म्हणाले. “त्या रात्री तिकडचा दिवा लागलाच नव्हता.”